टेबलातला पॉप-अप बॉक्स सारखा बंद पडतोय? नवीन घेण्याआधी टेबलाखाली वाका

मीटिंगच्या टेबलात बसवलेला तो चौकोनी बॉक्स तुम्ही पाहिला असेल. वरनं दाबला की टक् करून वर येतो. आत दोन-तीन सॉकेट, लॅनचा एक जॅक, एचडीएमआय, मोबाइलसाठी यूएसबी. काम झालं की परत दाबायचा, टेबल सपाट. बेळगावात आता पतसंस्थांच्या सभागृहात, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या ऑफिसात, वकिलांच्या चेंबरात आणि टिळकवाडीतल्या घरांत पोरांच्या स्टडी टेबलातसुद्धा हे बॉक्स दिसतात. मी शहापुरात राहतो, वायरिंग आणि नेटवर्किंगची कामं करतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत हे बॉक्स बसवलेत, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बसवलेले उघडलेत. तक्रार सगळीकडे एकच: "नवीन घातला, चार महिने चालला, परत तसंच."

परत तसंच होणारच, कारण बॉक्स बहुतेक वेळा चांगलाच असतो. भिंतीतला बोर्ड वीस वर्षं जागचा हलत नाही. हा मात्र दिवसातनं दहा वेळा वर-खाली होतो आणि त्याच्याबरोबर खालच्या वायरीही ओढल्या जातात. आपण वायरिंग मात्र भिंतीतल्या बोर्डासारखंच करतो. मीसुद्धा सुरुवातीला दोन ठिकाणी नवे बॉक्स घालून पैसे घेतलेत. ते पैसे नाहक गेले, हे आता कबूल करतो.

आधी लक्षणं बघा

बॉक्स वर केला की सप्लाय जातो, थोडा खाली दाबून धरला की येतो. हे सगळ्यात नेहमीचं. लोक मग फटीत कागदाची घडी खोचतात. एका ठिकाणी मी पासबुक खोचलेलं पाहिलंय.

टेस्टर लावला तर पेटतो, पण लॅपटॉप चार्ज होत नाही.

पिन हलवली की चालू, सोडली की बंद.

नेट लागतं, पण रडतखडत. तोच लॅपटॉप भिंतीतल्या जॅकला लावला तर पळतो.

टीव्हीवर चित्र येतं, दोन मिनिटांनी स्क्रीन काळी.

खोली रिकामी असताना सगळं ठीक, सभा भरली की ट्रिप, म्हणजे खटका पडतो.

झाकण अर्ध्यात अडकतं. पावसाळ्यात हमखास.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात.

आणि शेवटचं: जळका वास, सॉकेटच्या भोकाभोवती काळा किंवा पिवळट डाग, आतनं चर्र आवाज, हाताला गरम लागणारी प्लेट, किंवा चक्क शॉक. यातलं एक जरी असलं तर खालची तपासणी तुमच्यासाठी नाही. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्याचा खटका पाडा, बॉक्सवर कागद चिकटवून "वापरू नये" लिहा, आणि वायरमनला बोलवा. कागदावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. सकाळी झाडायला येणाऱ्याला यातलं कुठलं वाचता येतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

फुकटातल्या तपासण्या

लॅपटॉप लावून तपासू नका. त्याला बॅटरी असते, त्यामुळे सप्लाय क्षणभर जाऊन आला तरी तो काही बोलत नाही. घरातला झिरोचा बल्ब किंवा साधा नाइट लॅम्प घ्या. तो लुकलुकला की लगेच दिसतं. बॉक्समधल्या प्रत्येक सॉकेटात तो लावून बघा. सगळेच मेले असतील तर गडबड बहुतेक बॉक्सच्या मागे, सप्लायच्या बाजूला आहे. एकच मेला असेल तर बॉक्सच्या आत. एवढ्या एका गोष्टीवरनं अर्धं काम होतं.

सगळेच मेले असतील तर टेबलाखाली बघा. बहुतेक बॉक्सना एक मोठी वायर असते आणि ती जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या सॉकेटात पिननं लावलेली असते. झाडूनं, खुर्चीच्या चाकानं, कुणाच्या बुटानं ती पिन अर्धी निघते. मला रायबागजवळच्या एका ऑफिसातनं फोन आला, "करंट इल्ल री, सर." म्हणजे करंट नाही. तिथवर गाडी मारत गेलो, पिन आत दाबली, चहा प्यायलो आणि परत आलो. पैसे मागायला लाज वाटली. तेव्हापासून आधी फोनवर विचारतो: खाली वाकून पिन बघितली का?

पिन जागेवर असेल तर डीबी, म्हणजे खटक्यांचा मेन बोर्ड उघडा आणि कुठला खटका पडलाय ते बघा. टेबल यूपीएसवर असेल तर यूपीएसचा स्वतःचा खटकाही बघा. आपल्याकडे मृगाचा पाऊस लागला की लाइट ये-जा करणार. त्या धक्क्यात यूपीएसचं आउटपुट पडलेलं असतं आणि लोक टेबल खोलून बसतात.

सभा भरली की ट्रिप

इथं थोडं थांबायला लागतं, कारण एमसीबी आणि आरसीसीबी यांत लोक फरकच करत नाहीत. कोण पडलं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ज्याच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं ती आरसीसीबी. जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात.

एमसीबी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा कुठंतरी शॉर्ट आहे. लोडचा हिशेब सोपा आहे. ६५ वॅटचा लॅपटॉप २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या थोडं वर घेतो. दहा लॅपटॉप लावले तरी तीन अँपिअर होत नाहीत. म्हणजे लॅपटॉपवर खापर फोडू नका, किटली शोधा. १५०० वॅटची चहाची किटली एकटी साडेसहा अँपिअर घेते, आणि बॉक्समधलं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. "पाच मिनिटांचाच प्रश्न आहे" म्हणून ती टेबलातच लावली जाते. हिटर, इस्त्री, लेझर प्रिंटर यांचंही तेच. हे सगळं भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटात लावायचं, टेबलात नाही. आणि एमसीबी पडतेय म्हणून मोठ्या अँपिअरची एमसीबी घालू नका. एमसीबी वायरीला वाचवायला असते. ती मोठी केली की खटका पडायच्या आधी वायर जळते.

आरसीसीबी पडत असेल तर प्रकरण वेगळं. करंट कुठूनतरी अर्थमध्ये गळतोय. ओल, सांडलेला चहा, उंदरानं कुरतडलेली वायर ही नेहमीची कारणं. पण एक कारण असं आहे की ज्यात कुणाचीच चूक नसते. तीन पिनच्या प्रत्येक ॲडॅप्टरमधनं थोडासा करंट अर्थमध्ये जातोच, आतल्या फिल्टरची रचनाच तशी असते. एकाचा काही वाटत नाही. पण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठंही पडू शकते. एकाच आरसीसीबीवर ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, सर्व्हर, प्रिंटर आणि त्यात सभेचे बारा लॅपटॉप आले की ती काठावर येते, आणि तेरावा आला की पडते. यावर उपाय सर्किट वाटून घेण्याचा, आणि तो वायरमनचा. आरसीसीबी काढून टाकायची किंवा बायपास करायची, हा उपाय मी दोन ठिकाणी पाहिलाय. दोन्हीकडे परत बसवून घेतल्याशिवाय पुढचं काम केलं नाही.

झाकण अडकतं

यात विजेचं काही नाही, पण तक्रारी खूप. आधी बॉक्सची पिन काढा. मग टॉर्चनं कडेची फट बघा. बिस्किटाचा चुरा, स्टेपलच्या पिना, सुपारी, यू-पिना. एका संस्थेच्या वार्षिक सभेनंतर मला लॅचमध्ये, म्हणजे बॉक्स धरून ठेवणाऱ्या खटक्यात, कुंद्याचा (आपल्या बेळगावी मिठाईचा) तुकडा सापडला. दाण्याएवढाच, तपकिरी, चिकट, आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग थेट यूएसबीच्या भोकात गेलेली. लॅच दाबला की अर्धा जायचा आणि तिथंच चिकटून बसायचा. दातकोरणी आणि कोमट पाण्यानं पिळलेल्या चिंधीनं तो निघाला. मुंग्यांना मात्र आठवडा लागला.

चुरा काढायला मऊ ब्रश किंवा हातातला ब्लोअर वापरा. तोंडानं फुंकू नका, थुंकी आत जाते. गंज सुटायचा स्प्रे आत मारू नका. तो तेलकट असतो, धूळ धरतो आणि सॉकेटच्या पानांवर चढतो. सरकत्या पट्ट्यांना थोडं सिलिकॉन पुरतं, आणि तेही चिंधीला लावून.

पावसाळ्यात अडकत असेल तर दोष बहुतेक लाकडाचा. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत भिंतीसुद्धा घाम गाळतात. टेबलावर वरनं सनमायका असतो, पण बॉक्ससाठी कापलेल्या भोकाची आतली कड सुतारानं तशीच उघडी सोडलेली असते. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) असेल तर ती कड ओल पिऊन फुगते आणि बॉक्सला चारी बाजूंनी आवळते. लोक मग मुठीनं मारतात, आणि त्यात लॅच तुटतो. पावसाळ्यात घासायची घाई करू नका. पाऊस सरला, लाकूड वाळलं की बॉक्स बाहेर काढून कड पॉलिश पेपरनं हलकी घासा, आणि तिला सीलर किंवा वुड पॉलिशचे दोन हात द्या. शंभरभर रुपयांत होतं.

दाबल्यावर बॉक्स वरच येत नसेल आणि आत काही अडकलेलं नसेल, तर स्प्रिंग किंवा गॅसचा छोटा दांडा गेलाय. काही कंपन्यांचा तो सुटा मिळतो. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, प्लेट वाकली की परत सपाट बसत नाही.

टेबलाखाली वाका

आता मुख्य गोष्ट. दोन माणसं लागतात. एकानं वर बल्ब लावून बॉक्स हळूहळू वर-खाली करायचा, दुसऱ्यानं मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली फक्त बघायचं. हात लावायचा नाही, सप्लाय चालू आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेत माझ्याआधी दोन वेळा बॉक्स बदलला होता. तिसरा बंद पडल्यावर मला बोलावलं. मी टेबलाखाली आडवा झालो आणि शिपायाला म्हटलं, मामा, दाबा आता. बॉक्स वर आला तशी खालची वायर एकतारीच्या तारेसारखी ताणली गेली. सुतारानं टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून बॉक्सपासून चार बोटांवर वायरीला क्लिप ठोकली होती. बॉक्स बोटभर वर यायला जागा मागत होता आणि क्लिप ती देत नव्हती. मग दर वेळी ओढ बसायची ती आतल्या स्क्रूवर. सहा महिन्यांत तांब्याच्या तारा एकेक करून तुटत गेल्या. क्लिप काढून वीतभर मागं ठोकली, आत टोकं नव्यानं बसवली, आणि तिसरा बॉक्स तोच ठेवला. अजून चालतोय.

तुम्हाला बघायचंय ते हेच. बॉक्स पूर्ण वर असताना खाली वायरीला सैल झोळ आहे का? पूर्ण खाली असताना तो झोळ ड्रॉवरमध्ये, खुर्चीच्या हातात किंवा कुणाच्या गुडघ्यात अडकतो का? वायर लाकडाच्या किंवा पत्र्याच्या धारदार कडेवर घासते का? एकाच ठिकाणी दुमडते का? आणि बल्ब लुकलुकला तो नेमका कुठल्या क्षणी?

झोळ कमी असेल तर पिन काढून क्लिप मागं घ्या. क्लिप ठोकण्याऐवजी चिकटणारा बेस आणि सैल केबल टाय बरा. हे काम कुणालाही जमतं, खर्च पंचवीस-तीस रुपये.

वायरीची जातही बघा. भिंतीत घालायची वायर आणि हलणाऱ्या जागी वापरायची वायर वेगळी असते. बारीक तारांची, वरनं एक जाड आवरण असलेली तीन कोरची लवचीक केबल हवी. सुट्या तीन वायरी पिळून घातल्या असतील तर त्या कधी ना कधी तुटणारच. लॅनच्या केबलचंही असंच. भिंतीतनं येणारी कॅट-सिक्स आतनं भरीव तांब्याची असते. ती वाकवत राहिलं तर पत्र्याच्या डब्याच्या कडीसारखी तुटते. बॉक्सपर्यंतचा शेवटचा तुकडा नेहमी तयार पॅच कॉर्डचा घ्या, तो बारीक तारांचा असतो.

टेस्टर पेटतो, तरी चालत नाही

यावरनं भांडणं झालेली पाहिलीत. मालक म्हणतो करंट नाही, वायरमन टेस्टर पेटवून दाखवतो. दोघेही खरं बोलत असतात. टेस्टर फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी तार दाखवतो. काम व्हायला न्यूट्रल, म्हणजे परत नेणारी तारही लागते, आणि तुटलेला न्यूट्रल टेस्टरला दिसत नाही. खूण एक आहे: सॉकेटात काहीतरी लावून चालू ठेवलं आणि बाजूच्या सॉकेटाच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर न्यूट्रल कुठंतरी तुटलाय. सॉकेट बंद वाटलं तरी ते मेलेलं नाही, उलट जास्त धोक्याचं आहे. एकाच टेबलात असं झालं तर बॉक्सच्या वायरीत शोधा. पण अख्ख्या ऑफिसात काही दिवे भगभगीत आणि काही मंद झाले असतील तर टेबल विसरा. थ्री-फेजचा मुख्य न्यूट्रल गेलाय. लगेच मेन पाडा, नाहीतर २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज चढून सगळं जळेल.

पिन ढिली बसते

बाजारात येणाऱ्या बऱ्याच बॉक्सना युनिव्हर्सल सॉकेट असतं, वेगवेगळ्या देशांच्या पिना घेणारं. दिसायला छान, धरायला कच्चं. आपल्या सहा अँपिअरच्या प्लगच्या पिना पाच मिलिमीटरच्या आणि वरची अर्थची सात मिलिमीटरची. त्या घालून-काढून आतली पातळ पानं फाकतात. मग चार मिलिमीटरच्या पिनेचा मोबाइल चार्जर घातला की तो डुलतो. टेकणं कमी झालं की गरम होतं, गरम झालं की पानाचा ताण जातो, आणि ढिलेपणा आणखी वाढतो. यावर पानं आवळणे हा उपाय नाही. सॉकेटचा मॉड्यूल, म्हणजे सुटा निघणारा तुकडा बदला आणि भारतीय मापाचाच घ्या. खडेबाजारात मिळतो, पण जुना मॉड्यूल बरोबर घेऊन जा, खाच प्रत्येक कंपनीची वेगळी.

नेट, टीव्ही, यूएसबी

लॅपटॉपमध्ये लॅनचा लिंक स्पीड बघा. भिंतीतल्या जॅकवर १००० दाखवतो आणि टेबलावर १००, तर कारण जवळजवळ नक्की आहे. हजारला केबलच्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. म्हणजे आठातली एखादी तुटलीय किंवा कपलरमध्ये (बॉक्समधला दोन केबल जोडणारा जॅक) नीट टेकत नाही. आधी लॅपटॉपकडची कॉर्ड बदला, मग टेबलाखालची, मग बॉक्समधला कपलर. या क्रमानंच, कारण पहिल्या दोन गोष्टी तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्याच असतात. शंभर-दोनशे रुपयांचा कपलर गंजलेला असला तरी लोक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात.

टीव्हीचं चित्र जात असेल तर लॅपटॉप छोट्या केबलनं थेट टीव्हीला लावा. तिथं ठीक असेल तर सेटिंगमध्ये रिझोल्यूशन फोर-के वरनं १०८० वर आणून टेबलावरनं परत बघा. आता चित्र न जाता टिकलं तर केबल तुटलेली नाही. लांबी आणि मधले जोड मिळून सिग्नल काठावर आलाय. एचडीएमआयच्या पिनेला कुलूप नसतं, केबलच्या वजनानंच ती केसभर खाली येते. कपलरच्या मागची केबल टेबलाला टायनं बांधली की निम्मे पाहुणे खूश.

यूएसबीबद्दल एकच. काही बॉक्समध्ये ती फक्त चार्जिंगची असते, डेटाची नाही. पेन ड्राइव्ह "दिसत नाही" म्हणून बॉक्स परत करू नका. चार्जिंगची मेली आणि सॉकेट चालू आहेत, तर तो मॉड्यूल काढून टाका, नवीन घाला. आत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

बॉक्स उघडायचा असेल तर

याच्या पुढं फक्त ज्यांना वायरिंगची सवय आहे त्यांनीच यावं. पिन काढून ती आपल्या खिशाजवळ, डोळ्यांसमोर ठेवा. बॉक्सला पिन नसून तो थेट वायरिंगला जोडलेला असेल, तर इथंच थांबा.

आत प्रत्येक वायर हलकी ओढून बघा. जी सुटते किंवा हलते ती गुन्हेगार. टोक काळं पडलं असेल तर काळा भाग कापून नवं टोक काढा, त्याला पिनची लग दाबा आणि मग स्क्रूखाली घाला. टोकाला सोल्डर लावून स्क्रू आवळायची जुनी सवय सोडा. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो. ढिल्या स्क्रूचं गणित बघा की: जोडात नुसता एक दशांश ओहमचा अडथळा असला आणि सहा अँपिअर गेले, तर त्या तांदळाएवढ्या जागेत साडेतीन वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक पिवळं पडतं ते यानं.

निळ्या वायरीशी सांभाळून. बॉक्सच्या केबलमध्ये तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. पण आपल्या जुन्या थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी तिन्ही फेज असतात, न्यूट्रल काळी. रंगाला रंग जोडणारा वायरमन इथं फसतो. निळ्याला निळी जोडली की बॉक्सच्या न्यूट्रलवर फेज येते. रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा.

झिणझिण्या येतात त्या अर्थ नसल्यामुळे. ॲडॅप्टरमधला जो थोडा करंट अर्थमध्ये जायला हवा, तो रस्ता बंद असला की लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन बसतो. दोन पिनच्या ॲडॅप्टरला थोडं जाणवणं ठीक, तीन पिनच्याला नाही. बऱ्याच पॉप-अप बॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची असते. तिचा अर्थ तुटला आणि आत एक तार सुटून पत्र्याला टेकली, तर टेबलावर हात ठेवणारा प्रत्येक जण फेजला हात लावतोय. तीन लाइटचा सॉकेट टेस्टर मिळतो, लावला की अर्थ जोडलाय का ते दाखवतो. तो अर्थ खड्ड्यापर्यंत चांगला आहे का, हे मात्र दाखवत नाही. ते मोजायला वेगळं मीटर लागतं.

इथं थांबा

वर सांगितलेली जळकट लक्षणं, आरसीसीबी सगळ्या पिना काढल्यावरही पडत असेल, टेस्टर दोन्ही भोकांत पेटत असेल, अर्थ नसेल, बॉक्सच्या आत पाणी किंवा चहा गेला असेल, थेट वायरिंग असेल. यात परवाना असलेला इलेक्ट्रिकल कंत्राटदार बोलवा. कर्नाटकात परवाना विद्युत निरीक्षणालय देतं, दाखवायला सांगण्यात संकोच नको. मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाकडच्या बाजूला दोष असेल तर तो हेस्कॉमचा, म्हणजे इकडच्या वीज कंपनीचा, नंबर १९१२. निपाणीत कागलकडचे पाहुणे महाराष्ट्रातल्या महावितरणचा सल्ला देतात, तो इथं लागू नाही.

चहा सांडला असेल तर वाळला म्हणून लगेच चालू करू नका. पाणी उडून जातं, साखर राहते, आणि साखर ओल धरते. पुढच्या पावसाळी सकाळी तीच आरसीसीबी पाडते. बॉक्स उघडून धुऊन पूर्ण सुकवायचा, किंवा मॉड्यूल बदलायचा.

नवं टेबल करत असाल तर सुताराला दोन गोष्टी सांगा. बॉक्स हातात आल्याशिवाय भोक कापू नको. कॅटलॉगातलं माप बॉक्सच्या वरच्या प्लेटचं असतं, भोक त्याहून लहान लागतं. एकदा मोठं कापलं की त्यावर उपाय नाही. आणि खाली वायरीसाठी क्लिप ठोकू नको, ती मी येऊन लावतो.